रोजनिशींतून अनुदिनी

रोजनिशी लिहिणाऱ्याच्या मनांत वाचक असतो कीं नसतो, हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडांतील सॅम्युएल पेपिस यानें १६६० पासून १६६९ पर्यंत नेमानें रोजनिशी लिहिली. पण ती साध्या अक्षरांत न लिहितां शेल्टनच्या लघुलिपींत लिहिली. घरांतील कोणीं सहज पान उलटलें तरी त्यास एकदम अर्थबोध होऊं नये, हा त्या लिपीचा उघड फायदा होता. त्या वह्यांचा उलगडा होऊन त्या छापून निघावयास १८२५ साल उजाडावें लागलें; आणि तेव्हांहि पुष्कळ भाग गाळूनच त्या छापल्या गेल्या. महाराष्ट्रांतील पेशव्यांच्या रोजनिशा याहून निराळ्या. त्या राज्यकारभाराच्या नोंदी होत्या. एखाद्या माणसाचें खाजगी मन त्यांत उतरलेलें नव्हतें. तरीहि दप्तरांतील सारे कागद जसेच्या तसे लोकांपुढें आले नाहींत. गणेश चिमणाजी वाड यांनीं त्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध झाले, आणि अभ्यासकांच्या हातीं एक मोठें साधन आलें.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. लिहिणें आणि प्रसिद्ध होणें या दोन क्रियांच्या मध्यें पुष्कळ काळ गेला, आणि त्या काळांत कोणीतरी निवड करणारा माणूस उभा राहिला. काय दाखवावें आणि काय झांकून ठेवावें, याचा विचार त्यानें केला. आजच्या संगणकानें हें अंतर चार बटणांवर आणून ठेवलें आहे. निवड करणारा तो मधला माणूस आतां नाहीं. त्याचें काम लिहिणारासच करावें लागतें.

अमेरिकेंतील जॉर्न बार्गर यानें १९९७ सालीं ‘वेबलॉग’ हा शब्द प्रचारांत आणला. ‘लॉग’ म्हणजे जहाजावरील नोंदवही. तीच इंटरनेटच्या जाळ्यावर ठेवली म्हणजे वेबलॉग. पुढें १९९९ मध्यें पीटर मरहोल्झ यानें हा शब्द गमतीनें भलत्याच ठिकाणीं तोडला, आणि त्यांतून ‘ब्लॉग’ जन्मास आला. मराठींत त्यास ‘जालनिशी’ आणि ‘अनुदिनी’ अशीं दोन नांवें मिळालीं. अनुदिन म्हणजे रोज. तेव्हां रोजनिशी आणि अनुदिनी या शब्दांचा अर्थ मुळांत एकच. त्यांच्यांत भेद आहे तो दाराचा. एकीचें दार आंतून लावलेलें असतें, दुसरीचें रस्त्यावर उघडतें.

रोज लिहिणाऱ्या पुष्कळ माणसांना या दोहोंची गरज वाटते. दिवसाच्या नोंदींत एखादें पुस्तकाविषयींचें टिपण, प्रवासाची हकीकत किंवा स्वयंपाकाची कृति अशी साधते कीं, ती चार परक्या माणसांनाहि उपयोगी पडावी. अशा वेळीं तो मजकूर रोजनिशींतून उचलून दुसऱ्या ठिकाणीं पुन्हां उतरून काढणें, हा एक मार्ग झाला. पण त्यांत दोन प्रति तयार होतात. एकींतील चूक दुरुस्त केली तर दुसरींत ती तशीच राहते. आणि कांहीं महिन्यांनीं खरी प्रति कोणती, हेंच कळेनासें होतें. म्हणून लेखन एकाच ठिकाणीं ठेवून, त्यांतील ठराविक नोंदींनाच बाहेरचें दार उघडून देणारें एखादें पूरक साधन असलें, तर तें हवेंसें वाटतें.

असें एक साधन आहे, आणि त्याचें नांव ‘ऑक्स-ह्यूगो’. तें ‘ईमॅक्स’ या संपादकांतील ‘ऑर्ग’ या लेखनपद्धतीस जोडावयाचें असतें. आणि त्यानें तयार केलेला मजकूर ‘ह्यूगो’ नांवाच्या कार्यक्रमाकडे जातो. तिन्ही विनामूल्य मिळतात. त्यांचीं कामें नीट समजून घेतलीं म्हणजे पुढील सर्व पायऱ्या सोप्या होतात.

ईमॅक्सचा आरंभ १९७६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेंत झाला. पुढें रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ मध्यें ‘ग्नू ईमॅक्स’ सर्वांस खुला केला. वरवर पाहतां तो लेखन आणि दुरुस्ती करण्याचा संपादक. पण त्यास वापरणारानें नवीं नवीं अंगें जोडावीं, अशीच त्याची घडण आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठांतील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनीं टिपणें आणि हातांतील कामें एकत्र ठेवण्यासाठीं २००३ मध्यें ऑर्ग हें अंग रचलें. २००७ पासून तें ईमॅक्सबरोबरच येतें. तें निराळें बसविण्याचें कारण पडत नाहीं.

ऑर्गची फाईल म्हणजे केवळ साधा मजकूर. ओळीच्या आरंभीं एक तारका घालून पुढें मोकळी जागा सोडली कीं ती ओळ मथळा होते. दोन तारकांनीं पोटमथळा होतो, तीन तारकांनीं त्याच्याहि पोटांतला. रोजनिशीसाठीं या मथळ्यांचें एक झाड करतां येतें. वर्ष हें खोड, महिने या फांद्या, दिवस या डहाळ्या, आणि त्या दिवसाच्या नोंदी हीं पानें. ‘कॅप्चर’ ही सोय एकदां नीट लावून ठेवली म्हणजे आजच्या तारखेची डहाळी ऑर्ग स्वतःच फोडतें, आणि लिहिणारापुढें कोरी जागा उघडून देतें. मराठींत लिहावयाचें असल्यास ईमॅक्सच्या पोटांतच देवनागरी लिहिण्याच्या पद्धति आहेत. ‘देवनागरी-इन्स्क्रिप्ट’ ही पद्धति एकदां निवडली कीं, पुढें कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ हीं दोन बटणें एकदम दाबून रोमन आणि देवनागरी यांत हवी तेव्हां अदलाबदल करतां येते.

साध्या मजकुराचा एक लाभ विसरण्याजोगा नाहीं. अशी फाईल ईमॅक्सशिवायहि, जवळ जवळ कोणत्याहि संपादकांत उघडते. एखाद्या कंपनीनें आपलें दुकान बंद केलें म्हणून दहा वर्षांची रोजनिशी वाचतां येईनाशी झाली, अशी आपत्ति येथें येत नाहीं.

ऑक्स-ह्यूगो आणि ह्यूगो यांचें नातें छापखान्याच्या उपमेनें लवकर ध्यानांत येईल. रोजनिशी हें लेखकाचें हस्तलिखित. ऑक्स-ह्यूगो हा जुळारी. तो हस्तलिखितांतील खूण केलेला भाग तेवढा घेतो आणि ‘मार्कडाउन’ या सुटसुटीत लेखनरीतींत जुळवून देतो. ही रीत जॉन ग्रुबर यांनीं २००४ मध्यें प्रसिद्ध केली. जुळविलेल्या लेखाच्या माथ्यावर शीर्षक, तारीख आणि विषय यांची एक पट्टीहि तो बसवितो. ह्यूगो हें छपाईचें यंत्र. स्टीव्ह फ्रान्सिया यांनीं तें २०१३ मध्यें सुरू केलें. जुळविलेला मजकूर घेऊन तें संकेतस्थळाचीं तयार पानें छापतें. तीं पानें कोठेंतरी ठेवून दिलीं कीं वाचक तीं वाचूं शकतात. त्यांच्यामागें दिवसरात्र चालणारा माहितीचा कारखाना लागत नाहीं. जुळारी हस्तलिखिताला हात लावीत नाहीं, आणि यंत्र तर हस्तलिखित पाहतहि नाहीं. ही विभागणी मनांत पक्की ठेवावी. पुढें जे धोके सांगावयाचे आहेत त्यांचें मूळ तीत आहे.

आतां बसविण्याचें काम. तें चार पायऱ्यांचें आहे.

पहिली पायरी ह्यूगोची. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो बसतो. बसवून झाल्यावर आज्ञा लिहिण्याच्या खिडकींत ‘ह्यूगो न्यू साइट’ असें रोमन अक्षरांत लिहून पुढें संकेतस्थळासाठीं एक नांव द्यावें. त्या नांवाचा एक कप्पा तयार होतो. त्याच्या पोटांत आणखी कप्पे असतात. त्यांपैकीं लेखांसाठीं ‘कंटेंट’, चित्रांसाठीं ‘स्टॅटिक’ आणि वेषभूषेसाठीं ‘थीम्स’ हे तीन लक्षांत ठेवावे. वेषभूषा, म्हणजे पानाची मांडणी आणि अक्षरांचें वळण, ही आयती मिळते. आवडेल ती आणून ‘थीम्स’मध्यें ठेवावी, आणि तिचें नांव संकेतस्थळाच्या मांडणीच्या फाईलींत लिहावें. ही गोष्ट राहून गेली तर सर्व कांहीं बरोबर करूनहि पान कोरेंच दिसतें, आणि नवखा माणूस दोष भलतीकडे शोधीत बसतो.

दुसरी पायरी पूरक साधन आणण्याची. ऑक्स-ह्यूगो ‘मेल्पा’ नांवाच्या भांडारांत ठेवलेलें आहे. हें भांडार ईमॅक्सला आपण होऊन ठाऊक नसतें; त्याचा पत्ता ईमॅक्सच्या आरंभाच्या फाईलींत एकदां लिहावा लागतो. मग ऑल्ट आणि एक्स हीं बटणें एकदम दाबून ‘पॅकेज-इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी आणि साधनाचें नांव सांगावें. बाकीचें काम ईमॅक्स करतो.

तिसरी पायरी ओळख करून देण्याची. साधन आणलें तरी तें कामाच्या वेळीं हजर व्हावें, यासाठीं त्याच आरंभाच्या फाईलींत आणखी एक ओळ घालावी लागते. तिचा अर्थ असा कीं, ऑर्गचें निर्यातीचें अंग जागें होईल तेव्हां ऑक्स-ह्यूगोलाहि सोबत घ्यावें. ती बरोबर पडली कीं नाहीं, हें पाहणें सोपें आहे. रोजनिशीची फाईल उघडून कंट्रोल-सी आणि मग कंट्रोल-ई दाबावें. निर्यातीची जी यादी पुढें येते, तींत मोठ्या ‘एच’ या अक्षराखालीं ह्यूगोचें नांव दिसलें म्हणजे ओळख पटली.

चौथी पायरी पत्ता देण्याची. रोजनिशीच्या फाईलींत अगदीं वर एक ओळ लिहावयाची: आधीं हॅशचें चिन्ह, त्यास लागून अधिकचें चिन्ह, मग ‘ह्यूगो’, ‘बेस’ आणि ‘डिर’ हे तीन शब्द अधोरेषांनीं जोडून, शेवटीं अपूर्णविराम, आणि त्यापुढें संकेतस्थळाच्या कप्प्याचा मार्ग. शब्द अर्थात् रोमन लिपींतच लिहावयाचे. जुळाऱ्यानें जुळविलेला मजकूर कोठें नेऊन ठेवावा, हें या ओळीनें त्यास कळतें. ती नसली तर तो काम नाकारतो.

एवढ्यानें बसविण्याचें काम संपलें. आतां वापर.

समजा, पुण्यांतील एका घरांत एक गृहिणी या पद्धतीनें रोजनिशी ठेवते. जुलै महिन्यांतील एका दिवसाखालीं तिच्या तीन नोंदी आहेत. पहिली, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलें त्याची. औषधांचीं नांवें आणि डॉक्टरांनीं खासगींत सांगितलेली शंका तींत आहे. दुसरी, दूधवाल्याच्या हिशेबाची. तिसरी, त्याच संध्याकाळीं सासूबाईंनीं पडल्या पडल्या सांगितलेल्या गोड्या मसाल्याच्या कृतीची: धने किती, दगडफूल किती, खोबरें कोणत्या रंगावर भाजावयाचें. ही तिसरी नोंद नात्यांतल्या आणि परगांवच्या मुलींना मिळावी, अशी तिची इच्छा आहे. पहिली नोंद मात्र उंबरठ्याबाहेर जातां कामा नये.

त्यासाठीं तिनें प्रथम हें पाहावें कीं, तिन्ही नोंदींना आपापला मथळा आहे. मग मसाल्याच्या मथळ्यावर जाऊन कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स आणि पी हीं बटणें क्रमानें दाबावीं. ऑर्ग विचारील, गुणधर्म कोणता? उत्तर द्यावें ‘एक्स्पोर्ट’, ‘फाईल’, ‘नेम’. हे शब्दहि अधोरेषांनीं जोडलेले. मग त्याचें मोल विचारलें जाईल. तेथें लेखासाठीं एक लहानसें नांव द्यावें. हें नांव पुढें लेखाच्या पत्त्यांत जातें, म्हणून तें रोमन अक्षरांत आणि आटोपशीर असलेलें बरें. देवनागरी नांव चालतें. पण तो पत्ता कोणास पाठवावयास उतरून घेतला कीं पुष्कळदां टक्केवारीच्या चिन्हांची आणि आंकड्यांची लांबच लांब माळ होऊन बसते.

ही खूण हाच साऱ्या व्यवस्थेचा गाभा. ज्या नोंदीवर ती आहे, तीच लेख मानली जाते. जीवर नाहीं, ती रोजनिशींतच राहते. म्हणजे मुळांत सारीं दारें बंद आहेत, आणि लिहिणारा एकेक दार जाणून उघडतो. पुष्कळ समाजमाध्यमांवर याच्या उलट असतें. तेथें लिहिलें कीं तें दुसऱ्यांस दिसावयाचें, आणि लपविण्यासाठीं निराळी खटपट करावयाची. रोजनिशी ठेवणारास पहिलीच रीत मानवते.

खूण केल्यावर लेख लगेच लोकांपुढें आणण्याची घाई नसेल, तर कंट्रोल-सी आणि कंट्रोल-टी दाबून मथळ्यास ‘टूडू’ ही अवस्था द्यावी. अशी नोंद ‘कच्ची’ म्हणून जुळविली जाते, आणि नेहमींच्या छपाईंत ह्यूगो ती वगळतो. लेख पुरा झाला म्हणजे तीच बटणें पुन्हां दाबून अवस्था ‘डन’ करावी. काम पुरें झाल्याची वेळ नोंदवावी, अशी सूचना ऑर्गला आधीं देऊन ठेवली असेल, तर ती वेळ मथळ्याखालीं आपोआप लिहिली जाते, आणि लेखाची तारीख म्हणून तीच धरली जाते. मथळ्यास विषयांचे टॅग लावले असतील तर तेहि लेखाबरोबर जातात. त्यांपैकीं ज्यांच्या आरंभीं ‘ॲट’चें चिन्ह आहे, त्यांचे वर्ग होतात.

आतां प्रत्यक्ष जुळणी. लेखणीचा टोंक, म्हणजे पडद्यावरील खूण, त्या नोंदींत कोठेंहि ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-ई दाबावें. आणि मग मोठें एच दोनदां. क्षणांत ‘कंटेंट’ कप्प्याच्या पोटांत लेखाची मार्कडाउन प्रति तयार होते. खूण केलेल्या सर्वच नोंदी एकदम जुळवावयाच्या असल्यास दुसऱ्या एचऐवजीं मोठें ए दाबावें. लेख कसा दिसेल हें पाहण्यासाठीं आज्ञेच्या खिडकींत ‘ह्यूगो सर्व्हर’ असें लिहिलें म्हणजे संकेतस्थळ आधीं घरच्याच संगणकावर उघडतें. बाहेरच्या कोणास तें दिसत नाहीं. तें वाचून, चुका रोजनिशींत दुरुस्त करून, पुन्हां जुळवून, मनासारखें झालें कीं नुसती ‘ह्यूगो’ ही आज्ञा द्यावी. ‘पब्लिक’ नांवाच्या कप्प्यांत तयार पानें जमा होतात. तीं आपल्या जागेवर चढविलीं कीं मसाल्याची कृति जगापुढें आली.

दुरुस्ती नेहमीं रोजनिशींतच करावी, हा नियम येथें कडक पाळला पाहिजे. मार्कडाउन प्रतींत हातानें केलेला बदल पुढच्या जुळणीच्या वेळीं पुसला जातो. कारण जुळारी दर वेळीं हस्तलिखिताकडे पाहूनच नवी जुळणी करतो.

एथवर सारें सोपें. पण जें साधन दार उघडतें, त्याच्या कड्या कोठें निसटतात हें ठाऊक नसेल, तर सोपेपणाच घातक ठरतो.

पहिली निसटती कडी मथळ्यांच्या झाडाची. खूण केलेल्या मथळ्याखालीं जें जें आहे, तें सर्व त्या लेखांत जातें. वरील गृहिणीनें ती खूण मसाल्याच्या मथळ्यावर न करतां चुकून दिवसाच्या मथळ्यावर केली, तर मसाल्याबरोबर दूधवाल्याचा हिशेब आणि सासूबाईंचें दुखणेंहि छापून निघेल. महिन्यावर केली, तर सगळा महिना निघेल. यंत्राच्या दृष्टीनें त्यांत कांहीं चूक नाहीं. सांगितलें तेवढेंच त्यानें केलें. म्हणून नोंद तितका मथळा, ही शिस्त लिहितांनाच अंगीं बाणवावी. एखादा पोटभाग खूण केलेल्या नोंदींत असूनहि बाहेर जाऊं नये असें वाटलें, तर त्याच्या मथळ्यास ‘नोएक्स्पोर्ट’ हा टॅग लावावा. मग तो भाग जुळणींतून गळतो. एकेकटी ओळ लपवावयाची असल्यास तिच्या आरंभीं हॅशचें चिन्ह घालून पुढें मोकळी जागा सोडावी. ती ओळ फक्त लिहिणारासाठीं राहते.

दुसरी कडी एका अक्षराची. जुळणीच्या वेळीं दुसरें एच मोठें आहे कीं लहान, यावर फार कांहीं अवलंबून आहे. मोठें एच एका खूण केलेल्या नोंदीकडे पाहतें. लहान एच म्हणजे सगळी फाईलच एक लेख समजून जुळवावी, ही आज्ञा. वर्षाची रोजनिशी एका फाईलींत असेल, तर एका बोटाच्या चुकीनें वर्ष जुळून तयार होतें. त्याच कारणास्तव रोजनिशीच्या फाईलीस माथ्यावर ‘टायटल’ची ओळ देऊं नये. तशी ओळ असली आणि फाईलींत अद्याप एकहि नोंद खूण केलेली नसली, तर मोठें एच दाबूनहि सबंध फाईलच लेख मानली जाते. चूक झालीच, तर घाबरून जाण्याचें कारण नाहीं. जुळणी झाली म्हणजे छपाई झाली असें नव्हे. मार्कडाउन प्रति लगेच काढून टाकावी. पण म्हणूनच जुळणी, छपाई आणि चढविणें हीं तीन कामें आरंभीं तरी निरनिराळीं, हातानें आणि मध्यें वाचून करावीं. फाईल जतन करतांच जुळणी आपोआप व्हावी, अशीहि सोय या साधनांत आहे. ती हात बसल्यावर घ्यावी.

तिसरी कडी कच्च्या लेखांची. ‘टूडू’ अवस्थेंतील लेख संकेतस्थळावर दिसत नाहीं, हें खरें. पण त्याची मार्कडाउन प्रति ‘कंटेंट’ कप्प्यांत पडलेलीच असते. पुष्कळ लोक सबंध कप्पाच ‘गिट’च्या कोठारांत ठेवतात, आणि तें कोठार सर्वांस खुलें असूं शकतें. असें असलें तर कच्चा लेख समोरच्या दारानें न दिसतां मागच्या दारानें दिसतो. तसेंच कच्चे लेखहि छापावे अशी एक सवलत ह्यूगोच्या आज्ञेस जोडतां येते. ती पाहणीपुरतीच वापरावी, अंतिम छपाईस कधीं नाहीं. आणि मूळ रोजनिशीची फाईल संकेतस्थळाच्या कप्प्यांत कधींच ठेवूं नये. हस्तलिखित घरांत आणि छापखाना रस्त्यावर, हीच रचना निर्धास्त.

चौथी कडी छायाचित्रांची. रोजनिशींत जोडलेलें चित्र लेखाबरोबर ‘स्टॅटिक’ कप्प्यांत जसेंच्या तसें नकलून जातें. हातांतल्या दूरध्वनीनें काढलेल्या चित्राच्या पोटांत तें कोणत्या वेळीं काढलें हें लिहिलेलें असतें, आणि सोय चालू असल्यास कोणत्या अक्षांश-रेखांशावर काढलें तेंहि. मसाल्याच्या डब्याचें चित्र निरुपद्रवी दिसतें. पण तें स्वयंपाकघराचा पत्ता सांगूं शकतें. ही अंतर्गत माहिती पुसून मगच चित्र जोडावें.

पांचवी कडी सर्वांत महत्त्वाची, कारण ती मागाहून लावतां येत नाहीं. एखादा लेख प्रसिद्ध केला आणि नंतर पश्चात्ताप झाला, तर रोजनिशींतील खूण काढून टाकणें पुरेसें नसतें. खूण काढली तरी आधीं जुळविलेली प्रति ‘कंटेंट’मध्यें राहते, ती हातानें काढावी लागते. ती काढली तरी आधीं छापलेलें पान ‘पब्लिक’ कप्प्यांत राहूं शकतें, कारण नवी छपाई करतांना ह्यूगो जुनीं पानें आपण होऊन झाडून टाकीत नाहीं. तेंहि काढलें तरी चढविलेल्या जागीं तें असतें. तेथूनहि काढलें तरी गिटच्या कोठारांत जुन्या आवृत्तींचा इतिहास जपलेला असतो. जपणें हेंच त्याचें काम आहे. आणि एवढें सारें पुसलें तरी मधल्या काळांत कोणीं ती प्रति उतरून घेतली असल्यास तिच्यावर लेखकाची सत्ता चालत नाहीं. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या नकला जतन करीत आहे. तिचें काम मोलाचें आहे. पण रोजनिशी लिहिणारानें त्या कामाची आठवण छपाईच्या आधीं ठेवावी.

यावरून प्रश्न उरतो तो यंत्राचा नव्हे, घराचा. रोजनिशी एकाच्या हातची असली तरी तींत माणसें अनेक असतात. सासूबाईंचें दुखणें सुनेनें लिहून ठेवलें, म्हणून तें सुनेचें झालें नाहीं. मुलाची परीक्षेंतील फजिती आईनें हंसून लिहिली असेल. दहा वर्षांनीं ती नोकरी देणाऱ्या साहेबानें वाचावी, असें त्या मुलास वाटणार नाहीं. शेजाऱ्यांचें भांडण, मित्राचें कर्ज, भावाचा मोडलेला विवाह, या नोंदी खाजगी वहींत सत्य असतात आणि उपयोगीहि असतात. पण त्याच रस्त्यावर मांडल्या कीं तो विश्वासघात होतो. म्हणून लेख पुरा झाला असें ठरविण्याआधीं, त्यांत ज्याचें नांव आहे त्यास तो वाचून दाखवावा. सासूबाईंना मसाल्याची कृति वाचून दाखविली, तर कदाचित् त्या दगडफुलाचें प्रमाण सुधारतील. त्यानें लेखहि सुधारेल, आणि संमतीहि मिळेल.

आणखी एक सावधगिरी मनाची आहे. दार उघडण्याची सोय हातीं आली कीं लिहिणाराची नजर हळूहळू दाराकडे वळते. मग तो दिवस जसा गेला तसा न लिहितां, वाचकांस कसा दिसेल तसा लिहूं लागतो. आणि अनुदिनी भरतां भरतां रोजनिशी रिती होते. याला उपाय क्रमाचा आहे. आधीं सारें कांहीं केवळ स्वतःसाठीं लिहावें. खूण करण्याचें काम त्याच दिवशीं करूंच नये. आठवड्यानें किंवा महिन्यानें मागच्या नोंदी वाचाव्या, आणि मग ठरवावें. पेपिसच्या वह्या आणि पेशव्यांच्या रोजनिशा यांना काळानें जो अवधि दिला, त्याचा एवढासा अंश तरी लिहिणारानें आपल्या नोंदीस द्यावा.

असें केलें म्हणजे हें साधन आपलें काम चोख बजावतें. वर्षाच्या तीनशें पासष्ट नोंदींतून दहा-पंधराच बाहेर गेल्या, तरी त्या निवडक असतात, आणि कोणाच्या तरी उपयोगी पडतात. बाकीच्या साऱ्या जेथें लिहिल्या तेथेंच, आंतून कडी लावलेल्या घरांत, सुखरूप राहतात. कडी लावणारा आणि काढणारा हात मात्र यंत्राचा नसतो. तो लिहिणाराचाच असावा लागतो.